शेतकऱ्याने शोधलेले वाण, अवजार व नाव : हक्क कसा राखावा

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहानसे गाव आहे. मराठवाड्यातील नांदेड शहराशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. ह्या गावचे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे ह्यांना १९८३ साली आपल्या शेतात, पटेल-३ ह्या भाताच्या पिकात, काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. दादाजींचे शालेय शिक्षण अगदी थोडे, जमीनही थोडी. तथापि त्या लोंब्या त्यांनी मळणीच्या ढिगात जाऊ दिल्या नाहीत. त्यांचे बी वेगळे काढून जपून ठेवले, पुढील हंगामात वेगळे पेरले, आणि त्यांतूनही चांगल्या लोंब्या निवडण्याचा क्रम अनेक वर्षे चालू ठेवला. ह्या परिश्रमातून बारीक दाण्याचा, शिजल्यावर चवीस उत्तम असा भात तयार झाला. त्या काळी घराघरांत प्रतिष्ठेचे मानले जाणारे एच.एम.टी. घड्याळ होते, त्याचेच नाव ह्या तांदळास पडले, आणि विदर्भातील व शेजारच्या राज्यांतील बाजारपेठांत एचएमटी तांदूळ सर्वतोमुखी झाला.

पुढे ह्या वाणाचे बी सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राकडे गेले. तेथे त्याचे शुद्धीकरण होऊन १९९८ साली ते ‘पीकेव्ही एचएमटी’ ह्या नावाने प्रसारित झाले. मूळ निवड करणाऱ्या शेतकऱ्याचे श्रेय किती व विद्यापीठाचे किती, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला. २००५ साली दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. त्यांनी आणखीही अनेक भातवाण निवडले. मान मिळाला, परंतु आर्थिक विवंचना अखेरपर्यंत सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. लक्षावधी लोकांच्या ताटात गेलेल्या तांदळाच्या शोधकास त्या तांदळातून फारसे काही लाभले नाही, ही वस्तुस्थिती कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्यात दादाजींची चूक शोधणे योग्य होणार नाही. ज्या काळात त्यांनी बी दिले, त्या काळात शेतकऱ्यास वाणाचा पैदासकार म्हणून मान्यता देणारा कायदाच आपल्या देशात नव्हता. बी मागणाऱ्यास नाही म्हणण्याची रीतही आपल्या खेड्यांत नाही, आणि ती नसावी हेच बरे. आज मात्र कायदा आहे. तेव्हा शेतकऱ्याने बी देऊ नये असे नव्हे, तर देण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी, एवढाच प्रश्न आता उरतो. ही नोंद कोठे, कशी व केव्हा करावी ह्याची माहिती गावोगाव पोहोचलेली नाही, म्हणून तिचा येथे विस्ताराने विचार केला आहे.

शेतकरी हाच पैदासकार

नवे वाण म्हणजे प्रयोगशाळेतून येणारी वस्तू, अशी समजूत सर्वत्र आढळते. महाराष्ट्राच्या द्राक्षबागांनी ती कधीच खोटी ठरविली आहे. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे ह्यांनी निवडलेली ‘तास-ए-गणेश’ व सोलापूरजवळील नान्नजचे नानासाहेब काळे ह्यांनी निवडलेली ‘सोनाका’ ही द्राक्षे थॉम्पसन सीडलेस ह्या बिनबियांच्या जातीच्या वेलींतूनच निघाली. हजारो वेलींच्या बागेत एखाद्याच फांदीच्या डोळ्यात निसर्गतः बदल घडतो, तिचा घड लांब किंवा मणी मोठा येतो, आणि रोज बागेत वावरणाऱ्या माणसाच्या नजरेस तो पडतो. संशोधन केंद्राच्या चार भिंतींत अशी संधी क्वचित येते. शेतकऱ्यास ती प्रत्येक हंगामात असते. ह्या जातींच्या काड्या बागाईतदारांनी एकमेकांस दिल्या, त्यामुळे त्या झपाट्याने पसरल्या व राज्याच्या द्राक्षव्यवसायास त्यांनी मोठा हातभार लावला. त्या वेळी नोंदणीचा मार्गच उपलब्ध नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तो मार्ग ‘वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१’ ह्या केंद्रीय कायद्याने खुला केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००५ साली दिल्ली येथे प्राधिकरण स्थापन झाले आणि २००७ पासून नोंदणीचे अर्ज स्वीकारण्यास प्रारंभ झाला. नवे वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्यास, कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या पैदासकाराप्रमाणेच, ते स्वतःच्या नावे नोंदविता येते, असे हा कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. शिवाय शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत परंपरेने पिकविलेले व विकसित केलेले वाण ‘शेतकरी वाण’ ह्या स्वतंत्र सदराखाली नोंदविता येते.

ह्या दोन सदरांतील फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. ‘नवे वाण’ म्हणून नोंदणी हवी असेल, तर अर्जाच्या तारखेपूर्वी एक वर्षाहून अधिक काळ ते भारतात विकले गेलेले नसावे. ‘शेतकरी वाणा’स नवेपणाची ही अट लागू नाही. म्हणून बी कित्येक वर्षे वाटले गेले आहे, आता काही होणार नाही, असे म्हणून शेतकऱ्यास परत पाठविणे बरोबर नव्हे. मात्र ज्या पिकाची नोंदणीसाठी अधिसूचना निघाली आहे त्याच पिकाचे वाण नोंदविता येते, व जुन्या वाणांच्या अर्जास मुदतीचे बंधन असते. तेव्हा आपल्या पिकाबाबत ह्या दोन्ही गोष्टींची चौकशी प्रथम करावी.

दोन्ही सदरांत तीन कसोट्या लावल्या जातात. वाण ज्ञात वाणांपेक्षा निदान एका ठळक लक्षणात वेगळे असावे. त्याची झाडे आपसांत एकसारखी असावीत. आणि पुढील पिढ्यांतही ती लक्षणे तशीच टिकावीत. एकसारखेपणाच्या बाबतीत शेतकरी वाणास काहीशी सवलत आहे. भेसळीच्या झाडांचे चालणारे प्रमाण त्याच्यासाठी दुप्पट धरले जाते. वाण अधिक उतारा देते की नाही, हा प्रश्न नोंदणीच्या वेळी विचारला जात नाही, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटते. नोंदणी हा वाण उत्तम असल्याचा दाखला नव्हे. ते कोणाचे आहे, एवढेच ती सांगते. त्यामुळे नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवून कोणी बियाण्याच्या उत्पन्नाची हमी देऊ लागल्यास शेतकऱ्याने सावध राहावे.

नोंदणी झाली म्हणजे धान्य, भाजीपाला इत्यादी पिकांच्या नव्या वाणास १५ वर्षे आणि फळझाडे व वेली ह्यांस १८ वर्षे संरक्षण मिळू शकते. आरंभी ते अनुक्रमे ६ व ९ वर्षांचे असते व पुढे नूतनीकरण करून घ्यावे लागते. ह्या काळात त्या वाणाचे बियाणे व्यापारी तत्त्वावर तयार करण्याचा, विकण्याचा किंवा दुसऱ्यास तशी परवानगी देण्याचा अधिकार नोंदणीधारकाचा असतो. कायद्याने शेतकऱ्यास फीची माफी दिली आहे. तेव्हा खर्चाच्या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही. जो मध्यस्थ नोंदणीची ‘सरकारी फी’ म्हणून शेतकऱ्याकडे पैसे मागेल, त्यास त्या फीचा नियम दाखविण्यास सांगावे.

वेगळे दिसले म्हणजे नवे झाले असे नव्हे

येथे एक इशारा आवश्यक आहे. शेतात उठून दिसणारे प्रत्येक झाड नवे वाण नसते. बहुतेक वेळा ते बियाण्यातील भेसळीतून आलेले, दुसऱ्याच कोणत्या तरी प्रचलित वाणाचे झाड असते. खताचा ढीग पडलेल्या जागी, बांधाच्या कडेस किंवा पाटाच्या तोंडाशी झाड जोमदार दिसते ते केवळ खताच्या व पाण्याच्या जोरावर. असे झाड पुढल्या हंगामात सामान्य निघते आणि शेतकऱ्याचा हिरमोड होतो. म्हणून पहिल्या वर्षी गाजावाजा करू नये. पहावे, खूण करावी, बी वेगळे ठेवावे.

भात, गहू, हरभरा, भुईमूग ही पिके मुख्यतः स्वपरागीभवनाने बी धरतात. त्यांच्यात निवड करणे सोपे जाते. निराळ्या दिसलेल्या प्रत्येक लोंबीचे बी वेगळ्या पुडीत ठेवून पुढील वर्षी एका लोंबीची एक ओळ, ह्याप्रमाणे लावावी. सर्व लोंब्यांचे बी एकत्र मिसळणे ही नेहमी होणारी चूक होय; एकदा मिसळलेले बी निवडण्यात पुढे दोनतीन वर्षे फुकट जातात. ओळींच्या शेजारीच, त्याच जमिनीत व तेच खत देऊन, मूळ वाणाची ओळ लावावी, म्हणजे फरक खरा की जमिनीचा हे कळते. जी ओळ आतल्या आत एकसारखी येईल तीच पुढे चालवावी. मका व बाजरी ह्यांत परपरागीभवन होत असल्याने शेजारच्या शेतातील पराग येऊन निवड बिघडते. तुरीतही मधमाश्या पुष्कळ मिसळ करतात. अशा पिकांत इतर वाणांपासून पुरेसे अंतर राखल्यावाचून निवड टिकत नाही, व त्यासाठी कृषी विद्यापीठातील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा हे उत्तम. द्राक्ष, डाळिंब, आंबा अशा कलमी फळझाडांत मात्र काम पुन्हा सुलभ आहे. निराळ्या फांदीस तारेने पत्र्याची खूण बांधावी, तिच्यापासून काही कलमे करावी, आणि त्या कलमांवर तोच फरक पुन्हा दिसतो किंवा नाही हे पाहावे.

ह्या सर्व काळात एक साधी शंभर पानी वही ठेवावी. पेरणीची, पुनर्लागणीची, फुलोऱ्याची व कापणीची तारीख, झाडाची उंची, फुटव्यांची संख्या, पानाचा व खोडाचा रंग, लोंबीची लांबी, कुसळ आहे की नाही, दाण्याचा आकार व रंग, हजार दाण्यांचे वजन, एवढ्या नोंदी प्रत्येक हंगामात मूळ वाणाच्या शेजारी लिहून ठेवाव्या. ‘दाणा चांगला’, ‘पीक जोरात’ अशा शेऱ्यांचा उपयोग नाही. सेंटिमीटर, दिवस व ग्रॅम लिहावे. वहीच्या पानांवर क्रमांक घालावे, मधले पान फाडू नये, व प्रत्येक भेटीत कृषी कार्यकर्त्याने तारखेसह सही करावी. हल्ली बहुतेकांजवळ छायाचित्र घेता येईल असा दूरध्वनी असतो. उभ्या पिकाचे, लोंबीचे व दाण्याचे छायाचित्र मूळ वाणासह एकत्र घ्यावे. पुढे वाद उपस्थित झाला, तर ही वही शेतकऱ्याच्या बाजूने बोलते. शेजाऱ्यांची तोंडी साक्ष दहा वर्षांनंतर तितकी उपयोगी पडत नाही.

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, किंवा असावयास हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत अपेक्षित आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच राहिली आहे हे खरे. तिच्या नोंदवहीत स्थानिक वाणाची, ते जोपासणाऱ्या कुटुंबाच्या नावासह, नोंद करवून घ्यावी. ह्या नोंदीने मालकी मिळत नाही, तथापि अमुक वाण अमुक गावात अमुक वर्षी होते, ह्याचा पुरावा तयार होतो. शिवाय शेतकरी वाणाच्या नोंदणी अर्जावर जी साक्षांकनाची सही लागते, ती ह्याच समितीच्या अध्यक्षाची अथवा सचिवाची, किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची, कृषी विद्यापीठाच्या संशोधन संचालकाची अथवा जिल्हा आदिवासी विकास अधिकाऱ्याची चालते.

अर्जात वाणास नाव द्यावे लागते व ते एकदा ठरले की तेच कायम राहते. नाव नुसत्या आकड्यांचे नसावे, गुणाविषयी फसवी समजूत करून देणारे नसावे, व दुसऱ्या नोंदलेल्या वाणाशी गल्लत होईल असेही नसावे. आपल्या गावाचे किंवा शेताचे नाव घालण्याची रीत चांगली आहे. दादाजींनीही आपल्या पुढील काही वाणांना गावाचे नाव दिले होते.

बी देताना

पाहुणे, व्यापारी, बियाणे कंपनीचा प्रतिनिधी, संशोधन केंद्राचा कर्मचारी, असे कोणीही चांगल्या वाणाची वार्ता ऐकून बी मागावयास येतात. त्यांतील बहुतेकांचा हेतू सरळच असतो. तरीही अर्ज दाखल होण्यापूर्वी बी देण्याची वेळ आली, तर ते कोणत्या कामासाठी दिले ते लिहून घ्यावे व घेणाऱ्याची सही घ्यावी. ह्या अंकात लेखाच्या शेवटी अशा पावतीचा नमुना दिला आहे. सरकारी किंवा विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यासही अशी पावती देण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चाचणीसाठी बी घेणाऱ्याने ते कोठून मिळाले हे आपल्या दप्तरात नोंदणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

कायद्यानेही ह्या बाबतीत मागील उणीव बरीच भरून काढली आहे. नव्या वाणाच्या नोंदणीस जो कोणी अर्ज करील, त्यास मूळ बी कोठून मिळविले ते सांगावे लागते व ते कायदेशीर मार्गाने मिळविल्याचे प्रतिज्ञापूर्वक नमूद करावे लागते. आदिवासी अथवा ग्रामीण कुटुंबांनी जतन केलेल्या बियाण्याचा उपयोग झाला असेल, तर तेही उघड करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. शेतकरी वाणापासून थोडाफार फरक करून दुसरे वाण काढले, तर ते वापरण्याची परवानगी देण्यास मूळ वाण जोपासणाऱ्या शेतकऱ्यांची संमती लागते. वाण नोंदले गेल्यावर प्राधिकरण त्याची माहिती प्रसिद्ध करते व लाभात वाटा मागणाऱ्यांकडून दावे मागविते. गावालाही असा दावा करता येतो. परंतु दाव्यास पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे वर सांगितलेली वही, छायाचित्रे व पावती.

जुनी वाणे जतन करणाऱ्या शेतकऱ्यांना व समुदायांना ह्याच कायद्याखालील राष्ट्रीय जनुक निधीतून पुरस्कार दिले जातात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे ह्यांच्या बीजसंवर्धनाच्या कार्यामुळे ह्या विषयाकडे महाराष्ट्रातील लोकांचे लक्ष विशेष वेधले गेले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंप्रमाणे घरात बियाण्याची गाडगी जपणाऱ्या स्त्रिया प्रत्येक डोंगरी तालुक्यात आहेत. वाण नोंदविताना सातबारावर नाव असलेल्या पुरुषाचेच नाव लिहिण्याची घाई होते, ती होऊ देऊ नये.

दुसऱ्याच्या नोंदलेल्या वाणाचे काय

हक्काची बाजू पाहिली; आता उलट बाजूही पाहावी. कंपनीने नोंदलेल्या वाणाचे बी शेतकऱ्याने स्वतःच्या पिकातून राखून ठेवले, पुन्हा पेरले, शेजाऱ्यास दिले अथवा विकले, तर तो गुन्हा होतो काय, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. होत नाही. कायद्याचे ३९ वे कलम शेतकऱ्यास आपल्या शेतातील उत्पन्न, बियाण्यासह, राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क पूर्वीप्रमाणेच देते. मनाई एवढीच की, संरक्षित वाणाचे बी त्या वाणाचे नाव छापलेल्या पिशवीत किंवा वेष्टनात भरून, म्हणजे छापाचे बियाणे म्हणून, त्यास विकता येत नाही.

२०१९ साली गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपले नोंदलेले वाण विनापरवाना पिकविल्याबद्दल दावे लावले. त्यांपैकी काहींकडे एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली होती. शेतकरी संघटनांनी ३९ व्या कलमाचा आधार घेऊन तीव्र विरोध केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीवरील वाद मात्र पुढे चालला. प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ती रद्द केली व दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द करण्याचा तो आदेश बाजूस सारला. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ३९ वे कलम जसेच्या तसे आहे. नोटीस आल्यास घाबरून कोणत्याही कोऱ्या किंवा छापील कागदावर सही करू नये. ती घेऊन प्रथम तालुका कृषी अधिकाऱ्याकडे व तालुका विधी सेवा समितीकडे जावे. शिवाय हक्काची माहिती नसताना अजाणता वापर झाला असेल, तर शेतकऱ्यास त्या कारणावरून उल्लंघनाचा दोषी धरू नये, अशीही तरतूद आहे.

अवजारे व युक्त्या

वाणाप्रमाणे अवजारांतही शेतकऱ्याची बुद्धी चालते. त्यांस पेटंटचा कायदा लागू पडतो. १९७० च्या पेटंट कायद्यात दोन गोष्टींना पेटंट मिळत नाही, हे आधीच सांगणे बरे: शेती अथवा बागाईत करण्याची पद्धत, आणि वनस्पती, बियाणे व वाण. म्हणून लागवडीचे अंतर, छाटणीची रीत किंवा मिश्रपिकाची नवी योजना कितीही उपयुक्त असली, तरी तिच्यासाठी पेटंटचा अर्ज करणे व्यर्थ होय. परंतु कोळपे, टोकणयंत्र, फवारणीचे साधन, मळणीयंत्रातील नवा भाग ह्यांस पेटंट मिळू शकते. मात्र ती वस्तू जगात पूर्वी कोठेही ज्ञात नसावी, जाणकारास सहज सुचणारी नसावी, व उपयोगाची असावी. पूर्वी माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्याने शोध होत नाही.

गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी ह्यांनी मोटारसायकलच्या मागील भागास चाके व अवजार जोडून कोळपणी, पेरणी करणारे ‘बुलेट सांती’ हे यंत्र तयार केले. दुष्काळात बैलजोडी परवडत नसलेल्या शेतकऱ्यांस ते फार सोयीचे ठरले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने त्यास भारतातच नव्हे, तर अमेरिकेतही पेटंट मिळाले. गांधीनगरजवळील हे प्रतिष्ठान अल्पशिक्षित शोधकांस पेटंटच्या कामी मदत करते. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात करता येतो; महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही राज्ये त्याच्या कक्षेत आहेत.

अवजाराच्या बाबतीत सर्वांत अधिक नुकसान होते ते उत्साहामुळे. यंत्र तयार झाले की शेतकरी ते कृषी प्रदर्शनात मांडतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, चार कारखानदार मापे घेऊन जातात, आणि त्यानंतर पेटंटचा विचार सुचतो. एकदा उघड झालेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. केंद्र सरकारने त्यासाठी खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनास काही मुदतीची सूट आहे, पण तालुक्याचे प्रदर्शन त्यात बसेल असे गृहीत धरू नये. म्हणून प्रथम तात्पुरत्या विवरणासह अर्ज दाखल करावा. त्याने तारीख निश्चित होते. पूर्ण विवरण त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. ते न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानतात. मिळालेले पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते, पण ठरलेली वार्षिक फी चुकल्यास त्यापूर्वीच संपते.

शोधक कोण, हाही प्रश्न उद्भवतो. कल्पना शेतकऱ्याची व हात गावच्या लोहाराचे, असे पुष्कळदा असते. लोहाराने सांगितले तसे नुसते घडविले असेल, तर शोधक शेतकरीच. पण फाळाचा कोन किंवा दात्यांची रचना लोहाराच्याच डोक्यातून निघाली असेल, तर त्याचेही नाव अर्जात यावयास हवे. हे अर्जापूर्वीच बोलून ठरवावे.

मालाचे नाव व गावाचे नाव

बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या आता हळद, गूळ, पापड, तूप, बेदाणा स्वतःच्या नावाने विकू लागल्या आहेत. असे नाव १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली १० वर्षांसाठी नोंदविता येते व पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण होते. ‘शुद्ध’, ‘गावरान’, ‘सेंद्रिय’ असे मालाचे वर्णन करणारे शब्द कोणा एकाचे होऊ शकत नाहीत. म्हणून नाव निराळे, स्वतःचे असावे. वेष्टने छापण्यापूर्वी ते नाव आधीच दुसऱ्या कोणी नोंदविलेले नाही ना, हे पाहावे. नोंदणी गटाच्या नावे करावी. अध्यक्षाच्या वैयक्तिक नावे केली, तर पुढे मतभेद होताच सर्वांच्या श्रमाने रूढ झालेले नाव एकाच्या घरी जाते.

गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने मिळालेली ख्याती ही सर्वांची ठेव असते. तिच्यासाठी भौगोलिक मानांकनाचा वेगळा कायदा २००३ पासून अमलात आहे. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, वायगावची हळद, भिवापूरची मिरची, पुरंदरचे अंजीर, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, कोकणचा हापूस ह्यांस हे मानांकन मिळालेले आहे. तथापि मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक शेतकरी आपोआप त्याचे चिन्ह वापरू शकतो, असे नाही. त्याने स्वतंत्र अर्ज करून ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावे लागते. पुष्कळ पात्र शेतकऱ्यांस ह्याची कल्पना नाही आणि चिन्ह असूनही बाजारात परगावचा माल त्याच नावाने खपतो. आपल्या गटातील कोणकोणते शेतकरी मानांकित क्षेत्रात येतात, ह्याची यादी कार्यकर्त्याने करून त्यांचे अर्ज एकत्रित पाठविल्यास काम लवकर उरकते.

बियाणे पावतीचा नमुना

पावती दोन प्रतींत करावी, एक देणाऱ्याने व एक घेणाऱ्याने ठेवावी.

‘श्री./श्रीमती ……, राहणार ……, तालुका ……, जिल्हा …… ह्यांच्याकडून …… पिकाच्या …… ह्या वाणाचे …… किलो बियाणे / …… काड्या आज दिनांक …… रोजी मिळाल्या. हे वाण त्यांनी सन …… पासून स्वतः निवडून जोपासले असल्याचे त्यांनी सांगितले आहे. हे बियाणे केवळ चाचणीसाठी घेतले असून त्याची विक्री, इतरांस वाटप किंवा अन्य नावाने नोंदणी त्यांच्या लेखी संमतीवाचून केली जाणार नाही. चाचणीचे निष्कर्ष त्यांस लेखी कळविले जातील. घेणाऱ्याचे नाव, हुद्दा, पत्ता व सही. देणाऱ्याची सही अथवा अंगठा. साक्षीदार : कृषी कार्यकर्त्याचे नाव व सही.’